स्वतःची कंपनी, स्वतःचाच ठेका : आयकराच्या हिशोबात तुम्ही नेमके कोण? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत जॉबवर्क घेणारे, शिरवळ-साताऱ्याच्या कारखान्यांना लेबर पुरवणारे, नोकरी सोडून त्याच कंपनीत ‘कन्सल्टंट’ म्हणून परत गेलेले इंजिनिअर, मिरजेच्या दोन-तीन हॉस्पिटलांत जाणारे डॉक्टर, पुण्याचं किंवा परदेशाचं काम घरून करणारी आयटीतली मंडळी. यातल्या प्रत्येकाला कुणीतरी ‘कंपनी काढ, टॅक्स वाचतो’ असं सांगितलेलं असतं. ते किती खरं आहे, हे खालच्या उत्तरांत आकड्यांनिशी तपासलं आहे.

एक खुलासा आधीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पगाराचा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) आता कलम ३९२ मध्ये, ठेकेदार-व्यावसायिकांचा ३९३ मध्ये आणि ४४एडी, ४४एडीए, ४४एई ही अंदाजित उत्पन्नाची (पुस्तकं न ठेवता ठरलेल्या प्रमाणात उत्पन्न धरायची) कलमं ५८ मध्ये गेली. पण सीएच्या ऑफिसात आणि कारखान्याच्या अकाउंट्स विभागात अजून जुनेच आकडे बोलले जातात, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत.

करारावर ‘कन्सल्टंट’ लिहिलंय. मग मी नोकर नाही ना?

करारावरच्या शब्दाला वजन आहे, पण शेवटचा शब्द त्याचा नाही. काम प्रत्यक्षात कसं चालतं यावरून दर्जा ठरतो. धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या जुन्या खटल्यात, जो मिठागरातल्या अगरियांचा होता, सर्वोच्च न्यायालयाने ‘काय करायचं’ एवढंच नाही तर ‘कसं करायचं’ हेही मालक ठरवतो का, हे पाहिलं. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या निकालात नगावर पैसे घेणारे शिंपीसुद्धा कामगार ठरले, कारण मशीन दुकानाचं होतं, बसणं दुकानात होतं आणि काम पसंत पडलं नाही तर मालक ते परत करायला लावू शकत होता. म्हणजे ‘मला पगार नाही, नगावर मिळतं’ एवढ्याने सुटका होत नाही. नियंत्रण ही एकमेव कसोटी नाही, हेही त्याच निकालाने सांगितलं.

स्वतःला विचारायचे प्रश्न हे. गेटवर तुमचं पंचिंग होतं का? रजा मागावी लागते का? आजारी पडलात तर तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का? रिजेक्शन झालं तर भुर्दंड कुणाला बसतो? हत्यारं, लॅपटॉप, गेज कुणाचं? दुसरं गिऱ्हाईक घ्यायला मनाई आहे का? बोनस, ग्रॅच्युइटी, पीएफ मिळतो का? ‘माणूस पाठवता येतो’ आणि ‘भुर्दंड मला’ ही दोन उत्तरं कंत्राटदाराच्या बाजूने सगळ्यात जड पडतात. दर महिन्याला सारखीच रक्कम, तीही ३० तारखेला आणि बिलाशिवाय खात्यावर येत असेल, तर कागद कितीही चांगला असो, तो पगारच दिसतो.

मी प्रायव्हेट लिमिटेड काढली, बिल कंपनीच्या नावाने जातं. आता तर प्रश्नच मिटला?

निम्मा मिटला. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, तिचा पॅन वेगळा आहे, आणि ‘एक कंपनी नोकर आहे’ असं कुणी म्हणू शकत नाही. ब्रिटनमध्ये नेमकी याच पळवाटेसाठी एप्रिल २००० पासून आयआर३५ नावाची नियमावली आहे. मध्ये कंपनी असली तरी ती नसती तर माणूस नोकर ठरला असता का, हे तिथे बघतात. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या गिऱ्हाइकांवर तो निर्णय लेखी देण्याची जबाबदारी टाकली आहे. तिकडे काम करणारे आपले नातेवाईक जे सांगतात ते त्या नियमांचं आहे. ते इथे लागू नाही.

भारतात असा स्वतंत्र नियम नाही. करचुकवेगिरीविरोधातली सर्वसाधारण तरतूद, म्हणजे गार, आहे; पण करलाभ ३ कोटींच्या पुढे गेला तरच ती लागते. कुपवाडच्या एका माणसाच्या कंपनीला तिची भीती नाही. भीती आहे ती निव्वळ कागदी व्यवहाराची. कंपनीला ना दुसरं गिऱ्हाईक, ना ऑफिस, ना खर्च. पैसा आला की त्याच दिवशी संचालकाच्या बचत खात्यात. असं असलं की अधिकारी कंपनी बाजूला ठेवून मागचा माणूस बघतो.

आणि उरलेला निम्मा प्रश्न असा की कंपनीकडून तुम्ही पैसे काढता तेव्हा कराचा दुसरा टप्पा सुरू होतो. तो बहुतेकांनी मोजलेलाच नसतो.

मला नोकर ठरवलं तर नुकसान कुणाचं?

आधी पैसे देणाऱ्याचं. त्याने पगाराचा टीडीएस कापायला हवा होता, कापला १ किंवा १० टक्के. कमी कापलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का व्याज आणि पीएफ-ईएसआयची (कामगार विमा) मागणी, हे त्याच्या अंगावर येतं. म्हणून मोठे कारखाने हल्ली करार करण्याआधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी नंबर आणि इतर गिऱ्हाइकांची बिलं मागतात. ते उगाच छळत नाहीत.

तुमचं नुकसान असं की खर्चाची वजावट जाते, ४४एडीए जातं आणि पदरी फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट उरते. जीएसटी भरला असेल तर तो परत मागायला २ वर्षांची मुदत असते, कारण नोकराने मालकाला दिलेली सेवा जीएसटीत पुरवठा धरलीच जात नाही.

खरंच कर कुठे कमी? आकड्यांत सांगा.

समजा नोकरी सोडलेला एक मेकॅनिकल इंजिनिअर वर्षाला ३० लाखांची सल्ल्याची बिलं करतो. खर्च ४ लाख. नवी करपद्धती, १ एप्रिल २०२५ पासूनचे टप्पे.

स्वतःच्या नावाने, ४४एडीए खाली : उत्पन्न धरायचं जमेच्या ५० टक्के, म्हणजे १५ लाख. कर २०,००० + ४०,००० + ४५,००० = १,०५,०००; सेस धरून १,०९,२००. गिऱ्हाइकाने १० टक्क्यांनी ३ लाख आधीच कापलेले असतात, म्हणजे १,९०,८०० परतावा.

कंपनीतून : ४ लाख खर्च, ऑडिट आणि आरओसीचे (कंपनी निबंधक) समजा ६०,०००, संचालकाचा पगार १२.७५ लाख. हा पगार प्रमाणित वजावटीनंतर १२ लाखांवर येतो आणि ८७ए च्या सवलतीमुळे त्यावर कर शून्य. इथपर्यंत ऐकलं की सगळे खूश होतात. पण कंपनीत १२.६५ लाख नफा उरला. त्यावर २५.१६८ टक्क्यांनी सुमारे ३,१८,००० कर. उरलेले साडेनऊ लाख लाभांश म्हणून घरी आणले तर ते तुमच्या उत्पन्नात मिळतात, १२ लाखांची सवलतही जाते, आणि आणखी सुमारे २,४६,००० लागतात. दोन्ही मिळून ५ लाख ६४ हजार.

सगळा नफा पगार म्हणूनच काढला तर? पगार २५.४० लाख, कर ३,३२,२८०. म्हणजे कंपनीचा सगळ्यात स्वस्त मार्गसुद्धा एकट्याच्या धंद्याच्या तिप्पट.

उलटं कधी होतं? खर्च खरोखर ६०-७० टक्के असेल, जमा ७५ लाखांच्या पुढे गेली असेल, किंवा नफा घरी न नेता मशीनमध्ये घालायचा असेल. वरच्या टप्प्यातला माणूस ३१.२ टक्के भरतो, कंपनी २५.१६८. पैसा धंद्यातच राहणार असेल तर हा फरक कामाचा आहे. भागीदार येणार असेल, नुकसानभरपाईचा धोका मोठा असेल किंवा गिऱ्हाईक ‘लिमिटेड’शिवाय दारात उभं करत नसेल, तर कर जास्त गेला तरी कंपनी योग्य. फक्त ती कर वाचवायला काढली असं म्हणू नका.

४४एडीए सगळ्यांना चालतं का?

नाही. वकिली, वैद्यकीय, इंजिनिअरिंग, वास्तुरचना, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचित केलेले व्यवसाय. माहिती तंत्रज्ञान त्यात येतं. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) हे कलम मिळत नाही. वरच्या उदाहरणातला सगळा फरक इथेच पडतो.

प्रत्यक्ष नफा ५० टक्क्यांहून जास्त असला तरी ५० दाखवावा का, यावर सल्लागारांत दोन मतं आहेत. कायद्याचे शब्द ‘५० टक्के किंवा करदात्याने दाखवलेली त्याहून जास्त रक्कम’ असे आहेत. कुठलंही मत धरा, पण दाखवलेल्या उत्पन्नापेक्षा त्या वर्षी जास्त रकमेची एफडी आणि प्लॉट दिसत असेल तर बँकेचे उतारे नीट लावून ठेवा.

मी बांधकामाचे, फॅब्रिकेशनचे ठेके घेतो. मला काय?

तुम्हाला ४४एडी. उलाढाल २ कोटींपर्यंत, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के उत्पन्न. ९० लाखांची बिलं, सगळी बँकेतून : उत्पन्न ५.४० लाख, दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत कर शून्य. १ टक्क्याने कापलेले ९०,००० परत.

याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षी बँकेकडे मशीनसाठी कर्ज मागायला गेलात की मॅनेजर रिटर्नमधले ५.४० लाखच बघतो, ९० लाख नाही. कर्ज काढायचं असेल तर दोन-तीन वर्षं आधीपासून खरा नफा दाखवायला लागा. आणि एकदा ४४एडी धरून पुढच्या पाच वर्षांत कधी त्याहून कमी उत्पन्न दाखवलंत, तर त्यापुढची पाच वर्षं ते कलम बंद, शिवाय उत्पन्न करपात्र असेल तर हिशोबाची पुस्तकं आणि ऑडिट. ४४एडीए ला हे पाच वर्षांचं बंधन नाही.

कमिशन आणि दलालीच्या धंद्याला ४४एडी नाही. मार्केट यार्डातल्या अडत्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

टीडीएस कधी १, कधी २, कधी १०. का?

ठेक्याच्या कामावर १९४सी : वैयक्तिक किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असाल तर १ टक्का, कंपनी-फर्म असाल तर २. एका बिलाला ३०,००० आणि वर्षाला १ लाख या मर्यादेच्या आत कपात नाही. व्यावसायिक फीवर १९४जे खाली १० टक्के, निव्वळ तांत्रिक सेवेवर २. मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,०००. पॅन दिला नाही तर २० टक्के.

जॉबवर्कमध्ये कच्चा माल गिऱ्हाइकाचा असेल तर १९४सी लागतं. कास्टिंग तुम्हीच दुसरीकडून विकत घेऊन मशीनिंग करून दिलं तर ती विक्री ठरते.

बिलात जीएसटी वेगळा दाखवा. अडीच लाखांचं बिल, जीएसटी ४५,०००. वेगळा दाखवला तर कपात २५,००० आणि खात्यावर २,७०,०००. एकच आकडा २,९५,००० लिहिला तर अकाउंटंट त्यावर २९,५०० कापतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

चुकीच्या कलमाखाली कपात झाली तर?

ही किरकोळ वाटणारी गोष्ट नोटीस आणते. तुम्ही रिटर्न ४४एडी मध्ये भरलं आणि २६एएस मध्ये (तुमच्या पॅनवरच्या कपातीचा उतारा) १९४जे ची जमा दिसली, की जमा फीची असताना धंद्याची का दाखवली हा प्रश्न येतो. प्रत्येक तिमाही संपल्यावर २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडची तुमच्या व्यवहारांची यादी) उघडून बघा. चूक गिऱ्हाइकाच्या टीडीएस स्टेटमेंटमध्ये असते. दुरुस्ती त्यानेच करायची. वर्ष संपल्यावर फोन उचलले जात नाहीत, म्हणून तिमाहीलाच मागे लागा.

कंपनी वर्षाच्या मध्यात काढणाऱ्यांचं हमखास होणारं घोटाळ्याचं काम म्हणजे बिल कंपनीचं आणि कपात जुन्या वैयक्तिक पॅनवर. वर्क ऑर्डर नव्या नावाने आल्याशिवाय पहिलं बिल पाठवू नका.

मी लेबर पुरवतो. बिलातलं बहुतेक तर मजुरीच असते. जीएसटी फक्त माझ्या कमिशनवर ना?

नाही, आणि सातारा-शिरवळ भागात सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच आहे. मजुरी, पीएफ, ईएसआय आणि तुमचं कमिशन मिळून पूर्ण बिलावर १८ टक्के. नोंदणीची २० लाखांची मर्यादाही पूर्ण बिलावरच मोजतात. दहा माणसं, प्रत्येकी १५,०००, बारा महिने : १८ लाख. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज धरला की १९.८० लाख. अकरावा माणूस लावला की २१.७८ लाख. नोंदणी लागली.

४४एडी मधली उलाढालही पूर्ण बिलाचीच.

पीएफ २० माणसांना, ईएसआय १० माणसांना लागू होतो. ईएसआयची वेतनमर्यादा २१,०००. तुमची माणसं कमी असली तरी ज्या कारखान्यात ती काम करतात तो मुख्य मालक म्हणून जबाबदार राहतो. त्यामुळे चलनाची प्रत दिल्याशिवाय तो बिल सोडत नाही. हजेरी, वेतनपत्रक, चलन आणि बँक ट्रान्सफरची यादी अशी महिन्याची एक फाईल करा. हजेरीत २२ नावं आणि चलनात १८ असला फरक कारखान्याच्या ऑडिटरला पहिल्याच नजरेत दिसतो.

ऊस वाहतुकीला ट्रक लावलाय. हंगाम चार-पाच महिने, कर बारा महिन्यांचा?

४४एई घेतलंत तर हो. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांसाठी ही सोय आहे. एकूण वजन १२ टनांच्या आत असेल तर गाडीला महिन्याला ७,५००, वर असेल तर टनाला महिन्याला १,०००. गाडी मालकीची असलेला प्रत्येक महिना मोजतात, मग ती कारखान्यावर रांगेत असो की घरासमोर ताडपत्रीखाली. १६ टनांची गाडी म्हणजे वर्षाला १.९२ लाख उत्पन्न. खरा नफा त्याहून कमी असेल तर पुस्तकं ठेवा आणि ऑडिट करून घ्या. दहाच्या आत गाड्या असल्याचं पत्र पॅनसकट कारखान्याला दिलं तर टीडीएस कापत नाहीत. पत्र उचल घेण्याआधी द्या, कारण कपात आगाऊ रकमेवरही होते.

हॉस्पिटल महिन्याला ठराविक रक्कम देतं. मी डॉक्टर, नोकर की व्यावसायिक?

मिरजेत हा प्रश्न रोजचा. पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने सल्लागार डॉक्टरांना हॉस्पिटलचे नोकर मानायला नकार दिला, आणि तो निकाल आपल्याकडे लागू आहे. पण प्रत्येक करार वेगळा. पीएफ, रजा, सेवानियम नसणं, बाहेर प्रॅक्टिस करायची मोकळीक, फीचा पेशंटशी संबंध, हे तुमच्या बाजूने. ‘बाहेर प्रॅक्टिस करणार नाही’ असं कलम असेल आणि रजा एचआरकडे मागावी लागत असेल, तर १९४जे चा आग्रह धरू नका.

कंपनीच्या खात्यातून मी घरखर्चाला पैसे काढतो. माझीच तर कंपनी आहे.

मालकीच्या धंद्यात चालतं, कंपनीत नाही. १० टक्के किंवा जास्त मतांचे शेअर असलेल्याला खासगी कंपनीने दिलेली उचल, साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, लाभांश मानतात. परत फेडली तरी मानतात. ताळेबंदात ‘संचालकाकडून येणे’ ही ओळ फुगत गेली की ऑडिटर ती लिहितोच, आणि एका माणसाच्या कंपनीत सगळे शेअर तुमचेच असल्याने वाद घालायला जागा नसते. घराचे हप्ते, मुलांची फी, गावचं बांधकाम यातलं काहीच कंपनीच्या कार्डावर नको. दर महिन्याला पगार ठरवा, तो काढा, त्यातून घर चालवा.

उलट दिशेने, म्हणजे तुम्ही कंपनीला पैसे घातले तर, ते बँकेतूनच घाला आणि नोंद ठेवा. ती रक्कम परत घेताना कर नाही.

संचालकाचा पगार दाखवू की फी?

पगार. नेमणुकीचं पत्र, ठराव, दरमहा रक्कम आणि १९२ खाली, म्हणजे पगाराचा, टीडीएस असला की त्यावर जीएसटी येत नाही. केंद्राच्या १० जून २०२० च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. पगाराव्यतिरिक्त संचालकाला दिलेल्या फीवर १० टक्के टीडीएस पहिल्या रुपयापासून, आणि कंपनीला उलट आकारणीने (सेवा घेणाऱ्यानेच भरायचा) जीएसटी.

बायकोला संचालक करून पगार दाखवला तर?

तुमचे त्या कंपनीत २० टक्के किंवा जास्त शेअर असतील तर तिचा पगार तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. अपवाद एकच : तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता आहे आणि पगार त्याच कामाचा आहे. बी.कॉम. झालेली पत्नी खरोखर अकाउंट्स, जीएसटी रिटर्न बघत असेल तर मेल, रिटर्नवरचं लॉगिन, बँकेची अधिकृत सही असे पुरावे तयार होतातच. ती फक्त दिवाळीच्या पूजेला ऑफिसात येत असेल तर सोडून द्या. शिवाय नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कम कंपनीच्या खर्चातून उडवता येते.

ओपीसी (एका माणसाची कंपनी) काढली, वर्षभर काम नाही. काही भरायचं नाही ना?

भरायचं. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट आणि आयकर रिटर्न लागतं, तसंच एओसी-४ (ताळेबंदाचा फॉर्म) वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत आणि वार्षिक रिटर्न एमजीटी-७ए. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,०००. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, म्हणजे दुसऱ्या कंपनीतही जाता येत नाही. नोंदणीनंतर १८० दिवसांत धंदा सुरू केल्याचा आयएनसी-२०ए राहिलेला असतो, तो वेगळाच.

व्यवसाय कर विसरू नका : कंपनीचे २,५०० आणि प्रत्येक संचालकाचे २,५००, ३० जूनच्या आत.

भागीदारी किंवा एलएलपी?

दर सपाट ३० टक्के अधिक सेस. पण भागीदाराचा पगार मर्यादेत वजा होतो : पहिल्या ६ लाख नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यातलं जास्त, पुढे ६० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० च्या वर गेला की त्यावर १० टक्के टीडीएस. भागीदारी फर्मला ४४एडी मिळतं, एलएलपीला नाही.

मी साताऱ्यात बसून परदेशी कंपनीचं काम करतो, डॉलर येतात. टीडीएस नाही म्हणजे कर नाही?

तुम्ही इथले रहिवासी आहात, जगभरचं उत्पन्न इथे करपात्र आहे. ४४एडीए लागू होतं आणि जमा बँकेतूनच असल्याने ७५ लाखांची मर्यादा मिळते. सेवानिर्यातीवर जीएसटीचा दर शून्य, पण उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागतेच. एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) दरवर्षी नव्याने भरायची. प्रत्येक रकमेचा बँकेचा परकीय चलनाचा दाखला जपून ठेवा. ॲपवरून येणाऱ्या पैशांचा हा दाखला मागून घ्यावा लागतो, आपोआप येत नाही.

टीडीएस नसल्याने आगाऊ कर स्वतः भरायचा. अंदाजित उत्पन्नवाल्यांना एकच हप्ता, १५ मार्च. बाकीच्यांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. अनुक्रमे १५, ४५, ७५, १०० टक्के. चुकलं की महिन्याला १ टक्का व्याज.

रिटर्नचा फॉर्म कोणता?

४४एडी-४४एडीए ला आयटीआर-४. पण तुम्ही कुठल्याही कंपनीत संचालक असाल, अगदी बंद पडलेल्या, तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरा. मित्राच्या आग्रहाने कागदोपत्री संचालक झालेल्यांचं रिटर्न इथेच सदोष ठरतं.

चालता धंदा कंपनीत घालायचा आहे. काय सुटतं?

सगळी मालमत्ता आणि देणी दोन्ही कंपनीकडे द्या, मोबदला फक्त शेअर घ्या, निम्मे मतदान पाच वर्षं स्वतःकडे ठेवा; मग भांडवली नफ्याचा कर नाही. पॅन बदलल्याने जीएसटी नंबर नवा. जुन्या खात्यातलं क्रेडिट आयटीसी-०२ ने वळवायचं, ते जुनी नोंदणी रद्द करण्याआधी. एमआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो, नावबदलाला आधी परवानगी लागते. सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषदेच्या कामांसाठी वैयक्तिक नावावरचा अनुभव आणि ठेकेदाराची वर्गवारी कंपनीला आपोआप मिळते असं धरून चालू नका. टेंडर भरायच्या आधी त्या कार्यालयात विचारा.

बिल तीन-तीन महिने अडकतं.

उद्यम नोंदणी करा आणि नंबर बिलावर छापा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्स विभाग स्वतःहून फोन करतो. व्यापाऱ्यांना हा फायदा नाही, जॉबवर्क आणि सेवेला आहे.

कंपनी नकोच वाटते. बंद कशी करू?

देणी संपवा, बँक खातं बंद करा, राहिलेले वार्षिक फॉर्म भरा, मग एसटीके-२ (कंपनीचं नाव कमी करायचा अर्ज). सरकारी फी १०,०००. जीएसटी, व्यवसाय कर आणि पीएफच्या नोंदण्या वेगवेगळ्या रद्द कराव्या लागतात. कंपनीचं नाव कमी झालं म्हणून त्या जात नाहीत. कंपनीच्या पॅनवर टीडीएसचा परतावा येणं बाकी असेल तर खातं तो जमा होईपर्यंत उघडं ठेवा, कारण बंद कंपनीच्या नावाचा परतावा दुसऱ्या खात्यावर घेता येत नाही.